किनारा उजव्या हाताला

भवानीपूरच्या जदुबाबूच्या बाजारातले मासेवाले वालावलकर मास्तरांना लांबूनच ओळखत. मास्तर येताना दिसले की ते भाव आधीच दोन आण्यांनी चढवून ठेवत, म्हणजे मास्तरांना तो उतरवायला जागा राहावी. ही गोष्ट मास्तरांनाही पक्की ठाऊक होती. घासाघीस हा त्यांचा चिक्कूपणा नव्हता, तो त्यांचा छंद होता. साधी छत्री घ्यायची तरी ते धर्मतल्यापासून कॉलेज स्ट्रीटपर्यंत तीन दुकानं हिंडत, काड्या वाकवून बघत, चौथ्या दुकानात सौदा करत आणि घरी आल्यावर बायकोला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत. शकुनही ती हकिकत अगदी मन लावून ऐके. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला "झालं का आता?" असं कधी म्हटलं नव्हतं.

रघुनाथ वालावलकर एका शाळेत गणित शिकवत. त्यांचा जन्म कलकत्त्यातलाच. वडील रेल्वेच्या कचेरीत नोकरीला म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. शकुन मात्र वेंगुर्ल्याची. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली ती थेट या गंगेकाठी. मुलगी लीना लग्नानंतर नागपूरला गेली होती, तेव्हा भवानीपूरच्या दोन खोल्यांत आता ही दोघंच होती.

आगबोटीचा विषय निघाला तो तीन वर्षांपूर्वी, आउट्रम घाटावर. रविवारची संध्याकाळ होती. दोघं बाकावर शेंगदाणे खात बसले होते. समोरून एक मोठी बोट संथपणे समुद्राकडे निघाली होती. कठड्याला टेकून उभी असलेली माणसं अंगठ्याएवढी दिसत होती.

"मला एकदा आगबोटीतून जायचंय," शकुन म्हणाली.

"कुठे?"

"कुठे नाही. नुसतं जायचंय."

मास्तरांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. कुठे पोचायचंच नाही असा प्रवास त्यांच्या डोक्यात शिरेना. "अगं, लग्नानंतर वेंगुर्ल्याहून मुंबईपर्यंत आपण बोटीनंच तर आलो."

"आलो खरं. पण मी खाली, वळकटीवर, सासूबाईंच्या शेजारी. तोंडावर पदर आणि उलटीसाठी पुढ्यात घमेलं. समुद्रातून आले आणि समुद्र पाहिलाच नाही."

"मग पुरीला नाही का पाहिलास?"

"तो काठावरून," शकुन म्हणाली, आणि बोट वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

एवढंच बोलणं झालं. पण दुसऱ्या शनिवारी शाळा अर्ध्या दिवसानं सुटल्यावर मास्तर ट्राममधून डलहौसी स्क्वेअरला उतरले आणि बोटींची तिकिटं विकणाऱ्या एका कचेरीत शिरले. तिथल्या काउंटरवर श्यामसुंदरबाबू नावाचे एक जाडजूड, शांत बंगाली गृहस्थ बसत. मास्तरांनी त्यांना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी खुर्ची पुढे केली आणि चहा मागवला. त्या दिवसापासून महिन्यातले एक-दोन शनिवार मास्तर तिथे जाऊ लागले. नाताळात आणि दुर्गापूजेच्या सुट्टीत भाडं सगळ्यांत चढं असतं, पावसाळ्यात ते उतरतं पण बोट घुसळून निघते, इंजिनावरची केबिन स्वस्त मिळते पण तिच्यात पापड भाजावेत असा उकाडा, एका कंपनीच्या भाड्यात जेवण धरलेलं असतं तर दुसरीच्या भाड्यात नुसता चहा, हे सगळं ज्ञान त्यांनी मिळवलं. पत्रकांनी बिस्किटांचा एक डबा भरला. दर वेळी कुठली तरी चांगली संधी अगदी कोपऱ्यापर्यंत आलेली असे. पहिल्या वर्षी नवी बोट येणार होती, म्हणजे जुन्या बोटींचं भाडं पडणार होतं. ते पडलं नाही. दुसऱ्या वर्षी शिक्षकांना सवलत देणारी कंपनी सापडली, पण चौकशी पुरी होईपर्यंत ती सवलत बंद झाली. शनिवारी संध्याकाळी मास्तर हे सगळं रंगवून सांगत, शकुन पोहे परतता परतता हुंकार देई, आणि दोघांनाही वाटे की आपण निम्मा प्रवास करून आलो.

१९५३ सालच्या पूजेनंतर शकुननं एक दिवस चहा कपाबाहेर ओतला. मास्तर हसले, तीही हसली. पण चार दिवसांनी ती ट्रामच्या थांब्यावरच्या खांबाला डावा खांदा आपटून घेऊन आली. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, असंही तिनं सहज बोलता बोलता सांगितलं. मास्तर तिला कॉलेज स्ट्रीटकडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हातारे होते आणि फार सावकाश तपासत. त्यांनी शकुनला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मास्तरांना आत बोलावलं.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "डाव्या डोळ्याचं पुष्कळ गेलंय, आणि जे गेलं ते परत येत नाही. उजवा अजून चांगला आहे, पण त्यातही कडेनं सुरुवात झालीय. खिडकीचे पडदे दोन्ही बाजूंनी ओढत आणावेत तसं होतं हे. थेंब देतो. त्यांनी थांबलं तर थांबेल. नाहीतर मार्चच्या सुमाराला शस्त्रक्रिया करू."

"नाही थांबलं तर किती दिवस?"

"ते मी सांगू शकत नाही, मास्टरमोशाय. वर्ष, दोन वर्षं. कधी दहाही."

जन्मभर आकड्यांत वावरलेल्या माणसाला इतकं ढिसाळ उत्तर कधी मिळालं नव्हतं. बाहेर शकुन हातात पिशवी धरून बसली होती. "काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"थेंब दिलेत. दिवसातून तीनदा घालायचे. वयोमानानं होतं म्हणाले."

"बरं," शकुन म्हणाली.

तिला ट्राममध्ये बसवून देऊन, शाळेत काम आहे असं सांगून मास्तर पायीच डलहौसीला गेले. आपण काय करतोय याचा त्यांनी वाटेत विचार केला नाही, किंबहुना करायचाच नाही असं ठरवून ते भराभर चालत होते. श्यामसुंदरबाबूंनी त्यांना पाहून खुर्ची पुढे केली. मास्तर बसले नाहीत.

"पहिली बोट कधी आहे?"

"कुठे जाणारी?"

"समुद्रातून जाणारी. मोठी. चांगली."

"मुंबईला एक जातेय, बावीस डिसेंबरला. मद्रास, कोचीन आणि मुंबई. पण मास्टरमोशाय, ती नाताळची बोट. तुम्हीच मला सांगितलं होतंत, नाताळात तिकीट काढतो तो..."

"दोन माणसं. पहिला वर्ग."

श्यामसुंदरबाबू क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दौत पुढे ओढली आणि तिकीट लिहायला घेतलं. मास्तरांनी लीनाच्या लग्नातून उरलेली आणि पुढे म्हातारपणासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या दिवशी पोस्टातून काढून आणून भरली. दर किती, सूट आहे का, केबिन कुठल्या मजल्यावर, यातलं एक अक्षरही त्यांनी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी तिकिटांचं पाकीट शकुनच्या समोर ठेवलं. ती मेथी निवडत होती.

"काय हे?"

"उघड तर."

तिनं हात पदराला पुसले, पाकीट उघडलं, तिकीट उजव्या डोळ्याजवळ नेलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद उमटताना मास्तरांनी स्पष्ट पाहिला. तरुणपणी दिसायची तशी, एका गालावरची खळी. "अगंबाई! खरंच?" ती म्हणाली. मग तिनं ताट बाजूला सारलं, नीट मांडी घालून बसली आणि नेहमीसारखी म्हणाली, "हं, सांगा आता. कसं जमवलंत? किती उतरवलंत?"

मास्तरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. एखादी गोष्ट रचणं त्यांना काही जड नव्हतं. एक बोट रिकामी चालली होती, कोणाचं तरी रद्द झालेलं तिकीट होतं, असं काहीही चाललं असतं. पण ती इतकी उत्सुकतेनं बघत होती की त्यांना खोटं बोलवेना.

"या वेळी नाही उतरवलं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे जे होतं ते दिलं."

शकुननं तिकीट पुन्हा जवळ नेऊन बघितलं. तारीख वाचली. तिच्या गालावरची खळी हळूहळू बुजली.

"डॉक्टर काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"सांगितलं ना, थेंब..."

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही नाताळच्या बोटीचं तिकीट पुरे पैसे मोजून आणलंत. आता काय म्हणाले ते सांगा."

तेव्हा मास्तरांनी सांगितलं. पडद्यांचं सांगितलं, मार्चमधल्या शस्त्रक्रियेचं सांगितलं, वर्ष-दोन वर्षं की दहा हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही हेही सांगितलं. सांगता सांगता त्यांना रडू आलं. बत्तीस वर्षांत ते शकुनसमोर रडले नव्हते, अगदी वडील गेले तेव्हासुद्धा नाही. "तीन वर्षं मी तुला भाव सांगत बसलो," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी गेलो असतो तर दोन्ही डोळ्यांनी पाहिलं असतंस."

शकुन उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिच्या हाताला मेथीचा वास येत होता.

"डाव्याचं मला पावसाळ्यापासूनच कळलं होतं," ती म्हणाली. "उजवा मिटून बघितलं की तुळशीचं रोप दिसायचं, पण कुंडी नाही. बोलले नाही, कारण मग तुम्ही डॉक्टरांच्याच चकरा मारल्या असत्या. आणि ते शनिवार काय वाया गेले होय? मला आवडायचे ते. आता डोळे पुसा. आणि उद्या मला त्या ऑफिसात घेऊन चला."

"कशाला?"

"एवढं मोठं तिकीट घेतलंत, बोट कशी आहे ते नको विचारायला?"

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदरबाबूंनी पहिल्यांदाच वालावलकर मास्तरांच्या बायकोला पाहिलं. हिरव्या काठाचं नऊवारी नेसलेल्या, चष्मा लावलेल्या त्या बाईंसाठी ते उठून उभे राहिले. "या बौदी, बसा," वहिनीला हाक मारावी तसं ते म्हणाले. "तुमच्याबद्दल फार ऐकलंय." शकुनचं बंगाली बाजारातलं होतं, पण चांगलं वाहतं होतं.

"दादा, ही बोट मुंबईला किती दिवसांत पोचते?"

"नऊ. फार वेगवान बोट आहे."

"आणि बंदरात किती थांबते?"

"मद्रासला रात्री लागते, पहाटे निघते. कोचीनलाही जवळजवळ तसंच. वेळ फुकट घालवत नाही."

"म्हणजे बंदरं सगळी अंधारात," शकुन म्हणाली. "आणि मधले दिवस?"

"मधले दिवस खोल समुद्रातून. किनाऱ्यापासून दूर. निळं पाणी, बौदी, चहूकडे निळं पाणी! लोक तेवढ्यासाठी जातात."

शकुननं मान डोलावली. काउंटरमागच्या भिंतीवर हिंदुस्थानचा मोठा नकाशा होता. ती उठून त्याच्याजवळ गेली आणि नाक टेकेल इतक्या जवळून कलकत्ता शोधू लागली. मास्तर तिच्यामागे जाऊन उभे राहिले, पण मदतीला हात पुढे करायचा त्यांना धीर झाला नाही. "आणखी कुठली बोट नाही का?" ती तिकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "हळू जाणारी. किनाऱ्याच्या कडेनं, थांबत थांबत."

श्यामसुंदरबाबू जरा ओशाळले. "तशा मालाच्या बोटी असतात. इथून कोळसा आणि ताग नेतात. बारा उतारू घेतात वर. पण त्या आपल्या कचेरीत कोणी मागत नाही. मास्टरमोशायांनीही कधी विचारलं नाही."

"मालाची बोट?" मास्तर म्हणाले. "तिच्यात डॉक्टर नसतो. न्हाणीघर सगळ्यांत एक. अंगावर कोळशाची पूड!"

"भाडं?" शकुननं विचारलं.

"निम्म्याहून कमी."

"दिवस?"

"त्याचं असं आहे बौदी, की ते कोणालाच सांगता येत नाही. विशाखापट्टण, मद्रास, तुतिकोरिन, कोचीन, मंगळूर, प्रत्येक ठिकाणी माल उतरवायचा, चढवायचा. वीस दिवस, पंचवीस दिवस. मागच्या खेपेला मद्रासला जागा मिळाली नाही म्हणून सहा दिवस बाहेर उभी होती."

"त्या सहा दिवसांचं वेगळं भाडं द्यावं लागलं का?"

"छे छे. तिकीट मुंबईपर्यंतचं. कितीही दिवस लागोत, राहणं-जेवण कंपनीचं."

शकुन वळली. मास्तरांनी बाजारात सौदा पटायच्या बेतात असताना स्वतःच्या मनात होणारी जी सूक्ष्म हालचाल ओळखली होती, नेमकी तीच त्यांना बायकोच्या चेहऱ्यावर दिसली. "ऐकलंत?" ती मराठीत म्हणाली. "निम्मं भाडं आणि दुपटीहून जास्त दिवस. तिथे बंदरं झोपेत जाणार, इथे उजेडी. मला बघायचंय हो. लवकर पोचून काय करू?"

तीन वर्षं मास्तरांनी प्रत्येक कंपनीचं प्रत्येक पत्रक वाचलं होतं, भाड्याला भाडं लावून पाहिलं होतं. पण शकुनला काय घ्यायचंय हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ते बोटीचं तिकीट शोधत होते, आणि तिला हवे होते दिवस.

"आणि केबिन या बाजूची द्या," ती श्यामसुंदरबाबूंना म्हणाली.

"कुठल्या, बौदी?"

तिनं नकाशावर बोट ठेवलं आणि कलकत्त्यापासून खाली आणलं. "इथून दक्षिणेला चाललो की जमीन कुठल्या हाताला? उजव्या. मग लंकेला वळसा घातला, कन्याकुमारी झाली, वर मुंबईकडे निघालो. जमीन पुन्हा उजव्याच हाताला. डावीकडे नुसतं पाणी, सगळ्या वाटेवर. मला उजवीकडची खिडकी द्या. माझा तोच डोळा चालतो."

श्यामसुंदरबाबूंनी नकाशाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. वीस वर्षं ते याच नकाशाखाली बसून तिकिटं विकत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले. नाताळच्या तिकिटाला मागणी इतकी होती की त्याच आठवड्यात ते दुसऱ्या कोणी घेतलं आणि मास्तरांना सगळे पैसे परत मिळाले.

मालाची बोट सुटणार होती जानेवारीत. शाळेचं नवं वर्ष तेव्हाच सुरू होतं आणि मार्चमध्ये मोठ्या मुलांची परीक्षा. मास्तरांनी एकोणतीस वर्षांत जानेवारीची सुट्टी घेतली नव्हती. त्यांनी हेडमास्तरांपुढे अर्ज ठेवला, तेव्हा हेडमास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, "कारण?" मास्तर म्हणाले, "बायकोबरोबर फिरायला जायचंय." दुसरं काही सांगितलं असतं तर सहानुभूती मिळाली असती, पण त्यांना ती नको होती. हेडमास्तरांनी अर्जावर सही केली.

खिदिरपूरच्या गोदीतून बोट निघाली ती सकाळी, भरतीचं पाणी चढल्यावर. शकुन कठड्याशी उभी होती. तोंडावर पदर नव्हता, पण थंडीनं डोक्याला शाल गुंडाळली होती. डावीकडे काय चाललंय ते ती मान वळवून बघे आणि मग पुन्हा उजवीकडे येई. गार्डनरीचच्या गिरण्या गेल्या, तेलाच्या टाक्या गेल्या, विटांच्या भट्ट्या, केळीच्या बागा, घाटावर कपडे धुणाऱ्या बायका. एका बाईनं बोटीकडे बघून हात हलवला. शकुननं दोन्ही हात वर करून हलवले. मास्तरांना जरा संकोच वाटला, पण मग त्यांनीही एक हात वर केला.

पहिले दोन दिवस मास्तरांनी बोटीवर चौकशा करण्यात काढले. वेग किती, कोळसा किती, खलाशी किती. तिसऱ्या दिवशी प्रश्न संपले. मग बायकोच्या शेजारच्या कापडी खुर्चीत येऊन बसण्यावाचून त्यांना दुसरं काम उरलं नाही. सुरुवातीला ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत. "आता काय दिसेल?" म्हणून विचारत. "दिसेल ते दिसेल," शकुन म्हणे. किनारा कधी जवळ येई, कधी नुसती निळसर रेघ होऊन राही. विशाखापट्टणला डोंगराच्या पायथ्याशी बोट चार दिवस उभी होती, तेव्हा दोघं रोज उतरून बंदरात हिंडली, शहाळी प्यायली, कोळी जाळी ओढतात ते पाहिलं. तिथे शकुननं एका कोळणीशी सुरमईवरून अशी काही घासाघीस केली, तीही नुसत्या बोटांच्या खुणांनी, की मास्तर टाळ्या वाजवायचेच काय ते बाकी राहिले. मासा बोटीवरच्या चितगावच्या खानसाम्यानं त्यांना तळून दिला.

मद्रासला पाच दिवस लागले. तुतिकोरिनला दोन. प्रत्येक खोळंब्याला बाकीचे उतारू त्रासून कप्तानाकडे जात, आणि ही दोघं एकमेकांकडे बघून लपून हसत. वेंगुर्ल्यासमोरून बोट गेली ती पहाटेच्या दाट धुक्यात, फार लांबून. कोणी तरी सांगितलं म्हणून कळलं. दिसलं काहीच नाही. मास्तर हळहळले. "राहू दे," शकुन म्हणाली. "ते मी पाहिलंय." अठ्ठाविसाव्या दिवशी मुंबई आली. दोघांचेही चेहरे उन्हानं रापले होते आणि मास्तरांच्या एकूण एक सदऱ्यांच्या कॉलरी कोळशानं काळ्या झाल्या होत्या.

तिथून दोघं आगगाडीनं कलकत्त्याला परतली. थेंबांनी काही थांबलं नव्हतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इस्पितळात शकुनच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दहा दिवस उताणं पडून राहायचं. मास्तर शाळा सुटली की येत आणि दिवे लागेपर्यंत स्टुलावर बसून राहत. मुलांची परीक्षा चालू होती, त्याबद्दल ते बोलत. लीनाचं पत्र वाचून दाखवत. तिसऱ्या दिवशी शकुन म्हणाली, "खिडकीतून काय दिसतंय?"

मास्तरांनी बाहेर पाहिलं. "एक झाड आहे. समोर तीन मजली इमारत. गच्चीवर चार साड्या वाळत घातल्यात."

"हे गणित झालं," शकुन म्हणाली. "नीट सांगा. घाई कसली आहे?"

मास्तरांनी स्टूल खिडकीजवळ ओढलं. सावरीचं झाड होतं. त्याला एकही पान नव्हतं आणि लाल, मांसल फुलं थेट फांद्यांवर बसली होती. एक मैना फुलात डोकं खुपसून बाहेर काढत होती आणि तिच्या कपाळाला पिवळा पराग लागला होता. त्यांनी ते सांगितलं. साड्यांपैकी एक जांभळी होती आणि वाऱ्यानं तिचा पदर कठड्याबाहेर लोंबत होता, तो एक मुलगी आत ओढून घेत होती पण पुन्हा सुटत होता. तेही सांगितलं. सांगायला त्यांना पाऊण तास लागला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी बंगाली बाई भाषा कळत नसतानाही कान देऊन पडली होती. मास्तर थांबले तेव्हा शकुनचा हात चादरीवरून त्यांना शोधत होता. त्यांनी तो धरला.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. डाव्या डोळ्यानं नुसता उजेड कळत होता. तो तेवढाच राहणार होता. मग डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला, तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि मास्तरांना म्हणाले, "समोर उभे राहा. हात वर करा."

मास्तरांनी हात वर करून तीन बोटं धरली. शकुननं डोळा किलकिला केला, मिटला, पुन्हा उघडला. पाणी आलं होतं, ते नर्सनं टिपलं.

"किती बोटं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन," शकुन म्हणाली. मग मराठीत नवऱ्याला म्हणाली, "आणि तुमच्या बाहीचं बटण तुटलंय. असेच जाता होय रोज शाळेत?"